मासळीची ॲलर्जी : रक्ताची तपासणी काय सांगते?



गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या घरी बांगड्याचं हुमण खाऊन अर्ध्या तासात तिघांची तोंडं लाल झाली, डोकं ठणकलं, अंगाला खाज सुटली. औषधाने सगळे बरे झाले. पण धाकट्याला 'ॲलर्जी आहे' म्हणून मासे बंद केले. मासेमाराच्या घरात पोरगं नुसत्या डाळीवर! शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं, रिपोर्ट निगेटिव्ह. त्यांच्या देखरेखीखाली मुलगा आता मासे खातो.

मग झालं काय होतं? बांगडे बर्फाविना राहिले, की जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून, तळून जात नाही. लक्षणं ॲलर्जीसारखीच, पण ही विषबाधा. एकाच जेवणातून अनेकांना त्रास झाला, तर आधी हाच संशय घ्यावा.

खऱ्या ॲलर्जीत शरीर मासळीतल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं बनवतं. रक्तात तीच मोजतात. माशांत मुख्य प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन, सुंगटं-कुर्ल्यांत ट्रोपोमायोसिन. म्हणून दोन्हींची तपासणी वेगळी.

रिपोर्ट हातात आला की हे लक्षात ठेवा :

१. नुसतं पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी नव्हे. झुरळात आणि घरच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही ट्रोपोमायोसिन असतं. त्यामुळे सुंगटं आरामात पचवणाऱ्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो.

२. आकडा मोठा म्हणजे त्रास मोठाच होणार, असं नाही.

३. निगेटिव्ह आला तरी पूर्वी धाप लागली असेल, तर घरी खाऊन बघू नका.

४. ॲलर्जीची गोळी चालू असली तरी रक्ताची तपासणी होते. त्वचेच्या तपासणीआधी मात्र डॉक्टरांना विचारून गोळी थांबवावी लागते.

५. खाण्याच्या ॲलर्जीसाठी आयजीजी तपासणीवर पैसे घालवू नका.

घसा आवळला, श्वास अडला, चक्कर आली, तर तपासणीची वाट बघू नका. लगेच १०८ लावा.

आणि एक गोष्ट आपल्याच हातात आहे. ते बांगडे आपल्याच जेटीवरचे होते. बांगडा, सुरमई, कुपा होडीत येताच बर्फात गेला पाहिजे, आणि बाजारात पोचेपर्यंत ४ अंशांच्या वर जाता कामा नये. बर्फाचे चार पैसे वाचवायचे आणि आपल्याच पोराच्या ताटातली मासळी काढायची, हा व्यवहार आम्हाला तरी परवडणारा नाही.