कांचेचें छायाचित्र कसें घ्यावें?

विद्यार्थी मित्रहो, पाण्याचा पेला, कांचेची बरणी, कंदिलाची चिमणी व भिंतीवरील आरसा या वस्तु आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. तथापि त्यांचें छायाचित्र घेऊं लागलें म्हणजे कळून येतें कीं, स्वच्छ कांच स्वतः जवळजवळ दिसतच नाहीं. दिसतो तो तिच्यामधून वळलेला व तिच्यावरून परतलेला प्रकाश. म्हणून आधीं प्रकाशाची व्यवस्था करावी, चित्र मागाहून.

ही अडचण छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे. हेन्री टॉलबट या इंग्रज संशोधकानें १८४४ सालीं प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथांत कांचपात्रांचें एक चित्र दिलें आहे. पांढरीं चिनी भांडीं व कांचपात्रें एकाच चित्रांत नीट साधत नाहींत, कारण अधिक उजळ भांड्यांचा ठसा आधीं उमटतो, असें त्यानें नमूद केलें. पुढें १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आज घरोघरीं मोबाईल आहे. परंतु प्रकाशाचे नियम तेच आहेत.

पहिला प्रयोग कडांचा. पेल्यामागें पांढरा कागद धरून त्यावर मागून उजेड पडूं द्यावा. कांचेच्या कडा काळ्या दिसतील. कारण तेथें किरण फार वळतात व कागदापलीकडील अंधार कॅमेऱ्यास दिसतो. आतां कागदाच्या जागीं काळें कापड लावून उजेड दोन्ही बाजूंनीं येऊं द्यावा. त्याच कडा चमकूं लागतील.

दुसरा प्रयोग छायेचा. पाण्यानें भरलेला पेला तिरप्या उन्हांत पांढऱ्या कागदावर ठेवावा. त्याच्या सावलींतच प्रकाशाच्या तेजस्वी रेषा दिसतील. कारण पाण्यानें भरलेला पेला बहिर्गोल भिंगाप्रमाणें किरण एकवटतो. यवतमाळास मे महिन्याच्या उत्तरार्धांत मध्यान्हीं सूर्य थेट डोक्यावर येतो व सावली वस्तूच्या पायाशींच राहते. यास्तव सकाळची किंवा सायंकाळची वेळ निवडावी.

तिसरा प्रयोग प्रतिबिंबाचा. खिडकीसमोर ठेवलेल्या रिकाम्या बाटलींत खिडकीचीं दोन प्रतिबिंबें शोधा: पुढील फुगीर पृष्ठावरचें सुलटें, मागील पोकळ पृष्ठावरचें उलटें. आरशाचीही एक खूण ध्यानांत ठेवावी. फूल आरशापासून २ हात व कॅमेरा ३ हात दूर असेल, तर प्रतिबिंब कॅमेऱ्यापासून ५ हातांवर असतें. म्हणून मोबाईलच्या पडद्यावर आरशाच्या चौकटीस नव्हे, तर प्रतिबिंबास बोट लावावें. तरच तें रेखीव येईल.

आतां एक गोष्ट पालकांनींही लक्षांत घ्यावी. वेचणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यांत अनेक घरीं कापूस सांठविलेला असतो. सावलींत शोभून दिसणारे तेच किरण एका बिंदूवर एकवटले, तर कापूस पेटूं शकतो. यासाठीं पाण्यानें भरलेली गोल बाटली अगर भिंग उन्हांत ठेवून दूर जाऊं नये, व कापसाजवळ तर हा प्रयोग मुळींच करूं नये. कांचेंतून सूर्याकडे कधींही पाहूं नये.

प्रत्येक चित्राखालीं वेळ, प्रकाशाची दिशा व मागील पडद्याचा रंग लिहून ठेवावा. एकाच पेल्याचीं दहा चित्रें अशा नोंदींसह जमलीं, म्हणजे पुस्तकांतील प्रकाशाचा धडा निराळा पाठ करावा लागणार नाहीं.