किल्लीचा पगार

नारायणगड,
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. बाळ,


तुझं पत्र आणि आतला चेक, दोन्ही मिळालं. लाखाचा आकडा बघून तुझी मामी थोडा वेळ बोललीच नाही. चेक मी बँकेत टाकलेला नाही, देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात ठेवला आहे. रागावू नकोस, आधी सगळं वाच.

तू लिहितेस, पोरांची चित्रं टांगलेल्या आपल्या चित्रघराचं उद्घाटन दणक्यात करू, पाहुणा मोठा आणू, माळवदाखाली पीओपी करून घेऊ, दारात कमान उभारू. बाळ, जे घर दोन वर्षं उघडंच आहे त्याचं उद्घाटन कसलं करायचं? आणि माळवदाच्या खाली पीओपी केलं तर वरून पाणी कुठून झिरपतंय तेच कळायचं नाही. कळेल तेव्हा अख्खं पीओपी चित्रांवर येईल.

तुला मदत करायची आहे, त्याचा मला आनंदच आहे. पण आपल्या घराला सगळ्यात जास्त गरज आहे ती रोज संध्याकाळी पाच वाजता कुलूप काढणाऱ्या माणसाची. दोन वर्षं मी काढलं. आता गुडघे बोलतात. शेजारची एक पोरगी, बारावी झालेली, हौसेनं येते. तिला महिन्याला 3,500 रुपये द्यावेत असं माझ्या मनात आहे. हौसेवर माणूस एक पावसाळा काढतो, दुसऱ्या पावसाळ्यात त्याला घरचे विचारतात, मिळतं काय तुला तिथं?

दार उघडण्यावरून सांगतो, कोकणात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं. ठाकर लोकांच्या चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. लोकांच्या लक्षात पद्मश्री राहते, माझ्या मनात राहिला तो गोठा. गोठा म्हणजे ज्याचं दार घरचं माणूस दोन्ही वेळा उघडतंच. तिथं पाहुणा आला की घरातलंच कुणीतरी चित्रं मांडीवर घेऊन गोष्ट सांगायला बसतं. चित्रकथीत दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, एक दाखवून झालं की पान उलटायचं, गोष्ट पुढं सरकते. सांगणारा नसेल तर तो नुसता रंगवलेला कागद. आणि या चित्रांचा एक जुना प्रकार पैठणच्या नावानं ओळखला जातो, म्हणजे गोदावरीच्या काठचा, आपल्याच शेजारचा. तो बघायचा तर पुण्याला केळकर संग्रहालयात जावं लागतं. तू पुण्यातच आहेस, एखाद्या रविवारी जाऊन ये. मॉलमध्ये जातेसच.

तू औंधचं उदाहरण दिलंस. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं तर आहेतच, हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पसुद्धा त्या माळावर येऊन बसलं. खरं आहे. पण तो राजा होता, स्वतः कुंचला धरणारा, आणि संस्थान विलीन झाल्यावर ते सांभाळायला सरकार होतं. आपल्याकडे राजा नाही. आपल्याला जवळचा मासला हवा असेल तर तेर बघ, गोरोबाकाकांचं गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. पाऊस पडून गेला की माती धुपते आणि मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येतात, त्या उचलायला रोज कुणीतरी वाकावं लागतं. त्यातच एक हस्तिदंती बाहुली. तिची बहीण शोभेल अशी एक बाहुली इसवी सन 79 साली राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत सापडलेली आहे. तेरचं संग्रहालय आज सरकारी आहे आणि त्यावर लामतुऱ्यांचंच नाव आहे. पण ते नाव पाटीवर चढायच्या आधी किती पावसाळे त्यांनी वाकून काढले असतील, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आता आपल्याकडचं सांगतो. वरच्या खोलीतली ती तांबड्या काठाची गोधडी तुला आवडली होती ना, तिचा तू फोटो काढून नेलास. ती जिची आहे, तिच्याकडे मी पहिल्यांदा मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘‘गुरुजी, ही भिताडावर टांगली तर कोपीत मी अंगावर काय घेऊ?’’ मला उत्तर सुचलं नाही. चित्रकलेचा मास्तर म्हणून छत्तीस वर्षं काढली, पण हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नव्हता. शेवटी असं ठरलं, की ती गावात असेल तोवर गोधडी भिंतीवर, ऊसतोडीचा कोयता निघाला की गोधडी तिच्याबरोबर. परवा टोळीचा ट्रक निघाला. त्याआधी ती येऊन स्वतःच्या हातानं काढून घेऊन गेली. आता तिथं एक खिळा आहे आणि खाली मी चिठ्ठी लावली आहे: ‘ऊसतोडीला गेली. पाडव्यानंतर यावे.’

गंमत म्हणजे पोरं त्या चिठ्ठीपाशीच सगळ्यात जास्त वेळ थांबतात. आई-बाप फडावर गेलेली, आजीपाशी राहिलेली पोरं आहेत ती.

म्हणून म्हणतो, काही विकत घ्यायचं असेल तर तिच्याकडून दुसरी गोधडी शिवून घे, तिनं सांगितलेल्या भावात. घासाघीस करू नकोस. उचल अंगावर असलेल्या बाईला चार पैसे घरबसल्या मिळाले तर तेही चित्रघराचंच काम. आणि तिचं नाव पाटीवर येऊ दे, देणगीदाराचं नको. देणगीदाराचं नाव लावायची पद्धत पडली की पुढचा देणगीदार पाटी मोठी मागतो.

दुसरा खर्च वाळवीचा. पहिल्या वर्षी मी अडाण्यासारख्या सगळ्या फ्रेमा भिंतीला चिकटवून टांगल्या. श्रावणात एक फ्रेम सरळ करायला हात लावला तर मागून ओली माती पडली. एका पोराच्या चित्रातल्या बैलगाडीचं एक चाक आणि अर्धा बैल वाळवीनं खाल्ला होता. आता फ्रेमेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावतो. बोटभर फट राहते, वारा खेळतो. काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालतो, नाहीतर दमट हवेत रंग काचेला धरतो. एक फ्रेम अशी नीट करायला पैसे लागतात, पण ते फोटोत दिसत नाहीत, म्हणून कुणी देत नाही.

चित्रं बाहेर पाठवायची असतील तर मात्र सांभाळून. मी एकदा पोरांची बावीस चित्रं एका प्रदर्शनाला दिली होती. परत आली ती सुतळीनं करकचून बांधलेल्या गुंडाळीत, वरच्या चित्रावर चहाच्या कपाचं गोल. ते चित्र काढणाऱ्या पोरीला मी काय सांगितलं असेल? तेव्हापासून चित्र देताना वहीवर सही आणि परत यायची तारीख घेतो. माणूस कितीही मोठा असो.

तुझ्या ऑफिसातले लोक करसवलतीची पावती मागतात म्हणालीस. त्यासाठी आधी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी हवी, संस्था म्हणून नोंदवायचं तर सात माणसं हवीत, दरसाल ऑडिट हवं, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट हवा. हे सगळं करावं, मी विरोधात नाही. पण सात जण असे हवेत जे सहीपुरते येणार नाहीत. असे मला आत्ता चार दिसतात, त्यातली एक ती बारावीवाली. तोवर तुझ्या मैत्रिणींना सांग, पावतीशिवाय महिन्याला 200 रुपये देता येतात का बघा. अशा वीस जणी झाल्या तर किल्लीचा पगार निघतो आणि वर 500 रुपये वाळवीला उरतात. लाख रुपये एकदम आले की गावात चार गट पडतात, हे तू पुण्यात राहून विसरलीस, मी विसरलेलो नाही.

गडावर एकादशीला माणूस येतो. धाकटी पंढरी म्हणतात आपल्या गडाला, येणारच. दर्शन करून खाली उतरलेली चार-दोन म्हातारी माणसं आपल्याकडे पाणी प्यायला टेकतात आणि सहज भिंतीकडे बघतात. मागच्या एकादशीला एक आजोबा बैलाच्या चित्रापुढं उभे राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, शिंगं उलटी काढलीत. बरोबर होतं त्यांचं. पोरानं दुसऱ्या दिवशी शिंगं नीट केली. त्यासाठी दार उघडं असावं लागतं, एवढंच.

दिवाळीत येशील तेव्हा फ्लेक्स आणू नकोस. बटर पेपरचा एक रोल आण, इथं मिळत नाही. दोन पितळी बिजागऱ्या आण, चार इंची. आणि त्या पोरीशी तूच बोल पगाराचं, माझ्यापुढं ती लाजते.

चेकवर तू दसऱ्याची तारीख घातली आहेस. चेक तीन महिने चालतो. तोवर डब्यात आहे.

तुझा,
मामा