हिंडर की प्रिव्हेंट?
प्रश्न : 'हिंडर' आणि 'प्रिव्हेंट' यांत फरक काय? – एक विद्यार्थिनी, वाडी रत्नागिरी

उत्तर : तुमच्याच डोंगरावरची जोतिबाची चैत्र यात्रा डोळ्यांपुढे आणा. गुलालात न्हालेल्या गर्दीतून उंच सासनकाठी निघते. ताणलेले दोर सांभाळत माणसं इंचाइंचानं पुढं सरकतात. गर्दीमुळे खोळंबा होतो, पण काठी देवळापाशी पोहोचतेच. इथं 'द क्राउड हिंडर्ड द प्रोसेशन' चपखल बसतं. काठी पोहोचूच शकली नसती, तर 'प्रिव्हेंटेड'. 'इम्पीड' हिंडरच्या जवळचा, जरा औपचारिक. त्याच्या लॅटिन मुळात पाय अडकवण्याची कल्पना आहे. हिंडरचं नाम 'हिंड्रन्स'. त्यात 'डी'नंतरचा 'ई' गळतो, आणि मुलं तो हमखास लिहितात. 'हिंडर' किंवा 'प्रिव्हेंट'च्या पुढं क्रियापद आलं तर 'फ्रॉम' घालून 'इंग' लावा, 'टू' नको.