वेगवान गाडीचे इंजिन ऑइल : डब्यावरचा आकडा वाचायला शिका



आपल्या समाजात गाडी म्हटली की पूर्वी टेम्पो, मेटाडोर, नाहीतर चार भावांनी मिळून घेतलेली अॅम्बॅसिडर. आता तसे राहिलेले नाही. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाचा मुलगा, लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराचा पुतण्या, शिवाजी उद्यमनगरातला लेथवाला, यांच्या दारात आज टर्बोची पेट्रोल गाडी उभी दिसते. बहुतेक वेळा ती सेकंडहँड असते. नवी असताना वीस लाखांची गाडी सहा-सात वर्षांनी पाच लाखांत मिळते आणि घेणाऱ्याला वाटते, सौदा साधला. पण गाडीची किंमत उतरते, इंजिनाची खुराक उतरत नाही. त्याला पहिल्या दिवशी जे ऑइल लागत होते तेच आजही लागते.

माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. माझ्या भाच्याने अशीच एक परदेशी बनावटीची, टर्बो पेट्रोल इंजिनाची गाडी घेतली. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मामू, पुस्तकात सिंथेटिक लिहिलंय." डब्याची किंमत ऐकून मीच म्हणालो, "आपल्या टेम्पोत वीस वर्षं जे घालतोय तेच घाल, काही होत नाही." गॅरेजच्या मिस्त्रींनीही मान डोलावली, "चाचा बरोबर सांगतात, घट्ट ऑइल गाडीला चांगलं." पुढे बदलायची मुदतही आम्ही दोनदा पुढे ढकलली. वर्ष-सव्वा वर्षाने आंबा घाट चढताना ऑइलचा लाल दिवा लागला. 'वर जाऊन थांबू' म्हणून तो तसाच चालवत राहिला. इंजिन उघडले तेव्हा खालच्या चेंबरमध्ये डांबरासारखा काळा गाळ, ऑइल ओढणारी जाळी त्या गाळाने बुजलेली आणि टर्बोचा दांडा बोटाने हलत होता. डब्यामागे दोन हजार वाचवले आणि ऐंशी हजार घालवले. ते पैसे त्याने बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले होते. मिस्त्रींना दोष देत नाही, हुकूम माझा होता.

त्यानंतर मी चार जाणत्या लोकांना विचारले आणि डब्यावरची अक्षरे वाचायला बसलो. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला ती बारीक इंग्रजी अक्षरे सुरुवातीला जड गेली. पण लक्षात आले की हा तर आपल्याच धंद्यासारखा हिशेब आहे. थानाची किनार वाचता येते त्याला डबाही वाचता येतो.

प्रथम आकडा. डब्यावर ५डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असे लिहिलेले असते. अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने १९११ पासून ठरवत आणलेली ही घट्टपणाची मापे आहेत. सुताच्या काउंटमध्ये आकडा वाढला की सूत बारीक होते, डेनियरमध्ये आकडा वाढला की धागा जाड होतो. ऑइलचा आकडा डेनियरसारखा समजावा, मोठा आकडा म्हणजे घट्ट ऑइल. डब्ल्यू हे अक्षर इंग्रजीतल्या हिवाळ्यासाठी आहे. त्याच्या अगोदरचा आकडा थंडीत ऑइल किती सहज हलते ते सांगतो. ०डब्ल्यूची परीक्षा उणे ३५ अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० वर, १५डब्ल्यूची उणे २० वर. कोणी म्हणेल, कोल्हापुरात कुठे बर्फ पडतो? बरोबर आहे. परंतु डिसेंबरच्या पहाटे १४-१५ अंशांवर गाडी सुरू करताना इंजिनातले ऑइल चालत्या गाडीतल्या ऑइलपेक्षा कितीतरी घट्ट असते. ते वरच्या कॅमपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोहोचेस्तोवर लोखंडावर लोखंड घासते. इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते.

दुसरा आकडा १०० अंश तापमानावरचा. तेथे ३० नंबरच्या ऑइलचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० नंबरचा १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचा १६.३ ते २१.९ असावा लागतो. म्हणजे दोन डब्यांवर ४० लिहिलेले असले तरी एक १२.६ चा आणि दुसरा १६ चा असू शकतो. एकाच काउंटच्या दोन गिरण्यांच्या सुतात फरक असतो, तसेच हे.

आता 'घट्ट ऑइल चांगले' ही समजूत कोठून आली? ती खोटी नव्हती, जुनी झाली आहे. उद्यमनगरात बनलेली डिझेल इंजिने, उसाच्या पाण्यासाठी रात्रभर चालणारे पंप, जुने टेम्पो, या सर्वांत भागांमधली फट मोठी असे आणि फेरे कमी. तेथे घट्ट ऑइल टिकत असे. आजच्या वेगवान इंजिनात बेअरिंगमधली फट केसापेक्षा बारीक असते. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्या दाबावर चालते. फार घट्ट ऑइल तेथे वेळेवर पोहोचत नाही. उलट फार पातळ ऑइल घालून घाटात गाडी रेटली तर १२०-१३० अंशांना तो थर तुटतो. म्हणून १५० अंश उष्णता आणि जोराच्या घर्षणात किती घट्टपणा शिल्लक राहतो याचे वेगळे माप असते. युरोपच्या एसीईए संस्थेच्या ए३/बी४ आणि सी३ या वर्गांत ते किमान ३.५ लागते, सी२ मध्ये २.९ पुरते, सी५ मध्ये २.६ पासून चालते. जोराने चालवायच्या गाडीसाठी माझ्या मते हा आकडा डब्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा महत्त्वाचा. तो डब्यावर छापलेला नसतो, पण एसीईएचा वर्ग मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो आणि त्यावरून कळतो.

येथे खळीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन आकड्यांचे ऑइल, म्हणजे मल्टिग्रेड, हे बरेचदा पातळ मूळ तेलात पॉलिमर मिसळून तयार करतात. तापले की ते पॉलिमर फुलते आणि ऑइलला घट्ट ठेवते. पण गिअर, पंप आणि बेअरिंगमध्ये चिरडून चिरडून ते तुटत जाते. हलक्या कापडाला भरपूर खळ मारून दुकानात कडक दाखवतात, पहिल्या धुण्यात ते चिंधीसारखे पडते, अगदी तोच प्रकार. मूळ तेल चांगले असले तर पॉलिमर कमी लागते. सिंथेटिकचा खरा फायदा हाच. ते उष्णतेने लवकर करपत नाही आणि त्याचा घट्टपणा मुदतभर टिकतो. आमच्या गाडीत गाळ झाला तो साध्या खनिज तेलाने उष्णता सोसली नाही म्हणून, आणि आम्ही मुदत ओलांडली म्हणून.

मात्र 'सेमी-सिंथेटिक' या शब्दाला भुलू नका. कापडावर पॉलिएस्टर किती, व्हिस्कोस किती याची टक्केवारी छापण्याचा नियम आहे. सेमी-सिंथेटिकच्या डब्यावर सिंथेटिक किती टक्के ते लिहिलेले मी तरी पाहिले नाही. 'फुल सिंथेटिक'मध्येही पुष्कळदा खनिज तेलावरच हायड्रोजनची प्रक्रिया करून काढलेले तेल असते. ते वाईट नव्हे, चांगलेच असते, पण घेताना हे ठाऊक असावे.

आता अक्षरे. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. तिच्या वर्गात 'एस'ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. पेट्रोलमध्ये एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी मे २०२० चा आणि एसक्यू मार्च २०२५ चा. टर्बो आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत एक नवा रोग निघाला. कमी फेऱ्यांवर एकदम जोर मागितला की स्पार्क पडण्याच्या आधीच मिश्रण पेट घेते आणि पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधील कॅल्शियमची साफ करणारी रसायने जास्त असली की हा धोका वाढतो असे आढळले. म्हणून मे २०१८ च्या 'एसएन प्लस'पासून त्याची परीक्षा लावण्यात आली. तेव्हा टर्बो पेट्रोल गाडीत टेम्पोचे सीआय-४ डिझेल ऑइल ओतणे म्हणजे दुहेरी चूक, जी मी केली.

डिझेलवाल्यांनी एवढेच पाहावे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत धुराची राख धरणारा फिल्टर असेल तर कमी राखेचेच ऑइल घालावे, नाहीतर तो महागडा फिल्टर बुजतो. मोटरसायकलवाल्यांनी कारचे ऑइल वापरूच नये. बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि तो घसरू लागतो. त्यांच्या डब्यावर जासो एमए पाहावे.

आपल्या कोल्हापूरला वेगाचे वेड नवे नाही. छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी आजही दसऱ्याच्या सोहळ्यात निघते तेव्हा दसरा चौकात, आपल्या मुस्लिम बोर्डिंगच्या आसपास, तिला पाहायला गर्दी होते. ती बनली त्या काळी ऑइल एकाच नंबरचे असे, उन्हाळ्याचे वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे. मल्टिग्रेड रूढ झाले ते १९५० नंतर. मोहिते रेसिंगच्या ट्रॅकवर तर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. तेथे पोरे विचारतात, 'रेसचे ऑइल आपल्या गाडीत घालू का?' घालू नये. टू-स्ट्रोक कार्टमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात आणि ते जळून जाते. मोठ्या रेस गाडीचे ऑइल दोन-चार शर्यतींनंतर फेकायचे असते, गाळ धुऊन वर्षभर टिकण्यासाठी ते बनवलेलेच नसते. एके काळी शर्यतीच्या इंजिनांत आपले एरंडेल चालत असे. १८९९ साली लंडनमध्ये निघालेल्या वेकफिल्ड कंपनीच्या ऑइलला कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. घर्षणाला उत्तम, पण इंजिनात चिकट थर धरणारे, त्यामुळे रोजच्या गाडीला निरुपयोगी.

मग निवड कशी करावी? गाडीच्या पुस्तकातील पान उघडा. तेथे नंबर असतो आणि बहुतेक युरोपीय गाड्यांत कंपनीची स्वतःची मंजुरीही असते, जसे फोक्सवॅगन ५०२ ००, मर्सिडीज २२९.५, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४. डब्यावर 'मंजूर' लिहिले आहे की नुसते 'योग्य' लिहिले आहे ते पाहा. पहिल्यात कंपनीने तपासलेले असते, दुसऱ्यात विकणाऱ्याचा दावा असतो. पुस्तकात ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही दिले असतील आणि आपण उन्हाळ्यात गगनबावडा-आंबा घाट जोराने करत असाल तर ५डब्ल्यू-४० घ्यावे. फक्त ०डब्ल्यू-२० दिले असेल तर स्वतःच्या अकलेने घट्ट करू नये, विशेषतः वॉरंटीत. बदलण्याची मुदत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष दिलेली असली तरी घाट, धूळ, आणि महाद्वार रोडच्या गर्दीत थांबत-थांबत चालणारी गाडी असेल तर मी ती निम्म्यावर आणतो. फिल्टर प्रत्येक वेळी नवा.

बनावट मालाचे संकट मोठे आहे. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात छानून काढलेले जुने ऑइल भरून विकतात. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड केल्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ऑइलचे दुकान चालवणाऱ्या आणि गॅरेज असलेल्या बांधवांनी हा डबा त्या ढिगासारखाच समजावा. गिऱ्हाइकाने पक्के बिल घ्यावे, सील आणि बॅच नंबर पाहावा, डबा आपल्यासमोर फोडायला सांगावे, आणि रिकाम्या डब्याला तेथेच भोक पाडून मगच टाकावा. मिस्त्रींनी याचा राग मानू नये. काढलेले काळे ऑइल गटारीत ओतू नये, ते पुढे पंचगंगेतच जाते. नोंदणी असलेल्या फेरप्रक्रियावाल्याला द्यावे.

लाल दिवा लागला तर घाट असो की बाजार, इंजिन त्याच जागी बंद करावे. दिवा लागतो तेव्हा दाब गेलेला असतो, पुढचा प्रत्येक मिनिट बेअरिंग खात असतो. जोरात चालवून आल्यावर मात्र गाडी लगेच बंद करू नये, एखादा मिनिट शांत चालू ठेवावी, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल करपत नाही. टर्बो गाड्या थोडे ऑइल पितातच, त्यामुळे काडी तपासण्याची सवय हवी. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, पुसलेली काडी पुन्हा घालून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी, वरच्या खुणेच्या वर नको, कारण जास्त ऑइलचा फेस होतो आणि फेसाला दाब राहत नाही. माझा भाचा आता दर शुक्रवारी जुम्याला निघण्यापूर्वी काडी पाहतो आणि मला दाखवतो, जणू मीच मिस्त्री आहे.