सवाईचा शनिवार-रविवार, सायकलवरून

डिसेंबरातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पुण्यात रमणबागेत भरत असे, तेव्हा गाणं आणि खाणं एकाच पेठेत आटपत होतं. मध्यंतरात उठायचं, चार पावलांवर पोटाला आधार द्यायचा आणि पुन्हा आपल्या सतरंजीवर यायचं. 2018 मध्ये महोत्सव मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. पेठा तिथून तीनेक किलोमीटर लांब आणि मध्ये स्वारगेटची कोंडी. चारचाकीने हे अंतर कापायचं म्हणजे अर्धा राग गमावायचा. सायकलने मात्र शनिवार-रविवारात गाणं, खाणं आणि एक मोठी फेरी असं तिन्ही नीट बसतं. फक्त क्रम चुकता कामा नये. जड खाऊन विलंबित ख्याल ऐकायला बसलात, तर बडा ख्याल संपेपर्यंत मान खाली गेलेली असते.

लागणारं साहित्य

- हवा, ब्रेक आणि चेन तपासलेली सायकल, हेल्मेट
- पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही चार्ज केलेले
- जाड कुलूप, जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, छोटा पंप
- शाल, कानटोपी, मोजे
- बैठकीसाठी चटई आणि एक लहान उशी
- पाण्याची बाटली, महोत्सवाचा पास, सुटे पैसे

आधीच्या आठवड्यात

1. छापील कार्यक्रमपत्रिका मिळवा. महोत्सव साधारण बुधवारी सुरू होऊन रविवारी संपतो. अलीकडच्या वर्षांत शनिवारचं सत्र दुपारी चारच्या सुमारास सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालतं, रविवारचं दुपारी बाराला सुरू होऊन रात्री दहाला संपतं. त्या वर्षीच्या वेळा पत्रिकेतूनच पक्क्या करा, कारण पुढचं सगळं त्यांवर बेतायचं आहे.

2. ऐकायचेच असे कलाकार अधोरेखित करा, दिवसाला तीन. उरलेले ऐकायला मिळाले तर आनंद, पण भूक आणि पाय मोकळे करणं त्याच वेळात बसवायचं.

3. सायकल दुकानात दाखवायची तर सोमवारी-मंगळवारी. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो, त्या मर्यादेत हवा भरा. चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडा आणि जादा तेल पुन्हा पुसून घ्या, नाहीतर स्वच्छ लेंग्यावर काळी रेघ घेऊन मंडपात शिराल.

4. बैठक की खुर्ची, हे आधीच ठरवा. भारतीय बैठक स्वस्त आणि मोकळी. पण शनिवारी सकाळी तीस किलोमीटर पायडल मारलेले गुडघे रात्री मांडी घालायला कुरकुरतात. म्हणून ती लहान उशी.

शनिवार

5. मोठी फेरी शनिवारी पहाटेच मारा. शुक्रवारचं सत्र दहाला संपतं, त्यामुळे झोप मिळते. शनिवारी मध्यरात्र उलटते आणि रविवारी पहाटे उठवत नाही. हा क्रम उलटा लावणारे रविवारी दुपारी मंडपात घोरतात.

6. सहाच्या सुमारास सारसबागेपाशी जमा. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणून दोन्ही दिवे चालू. दांडेकर पूल, सिंहगड रस्ता, राजाराम पूल, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा आणि मग खडकवासला. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात. उड्डाणपुलावर चढू नका, खालचा रस्ता धरा. कानटोपी हेल्मेटखाली बसेल इतकी पातळ हवी. पहिली दहा मिनिटं कान झोंबतात, नंतर तीच टोपी खिशात जाते.

7. धरणाच्या काठी चहा घ्या, भजी नको. भज्यांचा मोह अनावर झाला तर चौघांत एक प्लेट. पोट मिसळीसाठी राखायचं आहे. आठच्या आत परत फिरा, त्यानंतर सिंहगड रस्ता गाड्यांचा होतो.

8. परतीच्या वाटेवर मिसळ. मुंजाबाच्या बोळातल्या बेडेकरांकडे किंवा तुळशीबागेजवळच्या श्रीकृष्ण भुवनात. बेडेकरांची मिसळ किंचित गोडसर आणि सोबत पावाऐवजी स्लाइस. ज्याला झणझणीत हवं, त्याने हे आधी समजून घ्यावं आणि मग तक्रार करू नये. शनिवारी रांग असते. एकाने नंबर लावावा, दुसऱ्याने सायकली बघाव्यात. कुलूप नुसतं चाकात नको, फ्रेम आणि मागचं चाक एकत्र बांधून खांबाला लावा. सँपल, म्हणजे जादा रस्सा, एकदाच मागा.

9. घरी जाऊन अंघोळ आणि दोन तास झोप. ही पायरी गाळू नका. दिवसातलं जड खाणं इथे जिरतं आणि रात्रीच्या बैठकीची तयारी इथेच होते.

10. सत्राच्या तासभर आधी निघा. बैठकीत खांबाजवळची जागा पटकावा, पाठ टेकता येते. दुपारच्या शेवटी मुलतानी, भीमपलास, मधुवंती, पटदीप अशा रागांची वेळ, मग संधिप्रकाशात मारवा, पूरिया, श्री. म्हणून उठायचंच असेल तर या दोन वेळांच्या सांध्यावर, एक कलाकार उतरून दुसऱ्याचे तानपुरे लागत असताना उठा. आलाप चालू असताना रांग ओलांडून जाणाऱ्याला पुण्यात कोणी काही बोलत नाही, नुसतं बघतं. ते पुरेसं असतं.

11. रात्रीचं जेवण आवारातल्या स्टॉलवरच, हलकं. थालीपीठ किंवा असंच काही, वर कॉफी. रात्री पारा बारा अंशांच्या आसपास उतरतो. शाल पास काढतानाच खांद्यावर घ्या, थंडी वाजल्यावर नव्हे.

12. मध्यरात्री परतताना एकट्याने निघू नका. दोघं-तिघं एका रस्त्याने जाणारे आधीच ठरवा, एकामागे एक चालवा, चमकणारी पट्टी किंवा फिकट कपडे असू द्या. रिकाम्या रस्त्यावर गाड्या वेगात असतात आणि सिग्नल त्यांना सूचना वाटते. हिरवा मिळाला तरी डावी-उजवी पाहूनच चौक ओलांडा.

रविवार

13. उशिरा उठा. नाश्ता दहाच्या आत, पोहे किंवा उपमा. मिसळ नाही.

14. बाराला हजर राहा. कारण सांगतो. 1953 मध्ये भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, त्यानंतरची कितीतरी वर्षं तो रात्रभर चाले आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकू येत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केला. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, शनिवारचं लांब सत्र त्यातूनच बसतं. पहाट गेली, पण रविवारची दुपार मिळाली. शुद्ध सारंग, वृंदावनी सारंग, गौड सारंग ही मंडळी संध्याकाळच्या मैफलीत सहसा भेटत नाहीत. त्यांना भर दुपारी, उन्हात तापलेल्या मंडपात ऐकायची संधी याच सत्रात असते.

15. पत्रिकेत अधोरेखित नसलेला चारचा किंवा पाचचा कलाकार आला की सायकल काढा. सारसबागेसमोर भेळ, पावभाजी. मस्तानी प्यायची तर निंबाळकर तालमीजवळ सुजाताकडे, पण एक दोघांत. दूध आणि आईस्क्रीम यांवर पाय चालतात, कान नाही. पाऊण तासात परत या.

16. शेवटच्या कलाकाराआधी सायकल कुठे लावली ते आठवून ठेवा. दहाला सगळा मंडप एकाच फाटकाकडे वळतो. तेव्हा पाच मिनिटं जागेवरच बसा, गर्दी ओसरू द्या, मग दिवे लावून निघा.

अडलं तर

- ट्यूब पंक्चर झाली आणि सत्र सुरू व्हायला वेळ कमी असेल, तर पॅच लावत बसू नका, जादा ट्यूब घाला. पंक्चर सोमवारी काढा.
- पाऊस आला, तर खडकवासला रद्द आणि मिसळ पायी.
- गुडघे दुखले, तर बैठक सोडून मागच्या बाजूला थोडा वेळ उभे राहून ऐका.
- एकच दिवस मिळत असेल, तर फेरीसाठी शनिवार निवडा आणि गाण्यासाठी रविवार. दोन्ही हवं असेल, तर रविवारी घर ते मुकुंदनगर जरा लांबच्या रस्त्याने या आणि साडेअकराला खांब पकडा.