आधी रंग की आधी जोडणी?

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून चिमुकले सैनिक, विमाने, रणगाडे तयार करण्याचा छंद आपल्याकडे मूठभरांचाच. पण या मूठभरांतही दोन तट आहेत. एक तट म्हणतो, भाग सुटे असतानाच रंगवा व मग जोडा. दुसरा म्हणतो, आधी जोडा आणि मगच रंगाला हात घाला. गेल्या सत्रात आमच्या काही विद्यार्थ्यांनी हा तंटा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि माझ्या घरच्या कपाटात अशा पाच-पंचवीस प्रतिकृती आहेत, म्हणून निवाडा माझ्याकडे!

त्यांना स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी नाईक यशवंत घाडगे यांची मूर्ती करायची होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात, तेव्हा निवड योग्यच. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडग्यांच्या तुकडीतले बाकीचे सर्व जण यंत्रबंदुकीच्या माऱ्यात मेले किंवा घायाळ झाले. ते एकटेच त्या ठाण्यावर चालून गेले. हातगोळा टाकून त्यांनी ती बंदूक बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपले, आणि पुन्हा गोळ्या भरायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना त्याच टॉमीगनचे तडाखे देऊन ठार केले. लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते स्वतःही तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मुलांच्या मनात छातीशी टॉमीगन धरून चालून जाणारा जवान होता. वर्गणी काढून मागवलेली १:३५ प्रमाणाच्या सैनिकांची पेटी मात्र एकच होती. या प्रमाणात पुरा माणूस जेमतेम पाच सेंटिमीटर उंच होतो. काम बिघडले तर दुसरी पेटी आणायला पैसे नव्हते आणि वेळही नव्हता.

माझे मत असे की हा प्रश्न अख्ख्या मूर्तीबद्दल विचारला तर त्याला उत्तर नाही. तो एकेका सांध्यापुरता विचारावा. त्यासाठी या प्लास्टिकचा स्वभाव थोडा ओळखला पाहिजे.

लंडनमध्ये १९३९ साली निघालेल्या एअरफिक्स कंपनीने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाची प्रतिकृती वूलवर्थच्या दुकानांतून स्वस्तात विकायला आणली. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनी मूळची लाकडाच्या धंद्यातली. तिने प्लास्टिकची पहिली प्रतिकृती, यामातो ही युद्धनौका, १९६० मध्ये काढली. या साऱ्या उद्योगाचा आधार एकच पदार्थ, पॉलिस्टायरीन. साच्यात ते बारीकसारीक नक्षी छान उचलते. त्याचा दुसरा गुण आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे: टोल्युइन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट अशा द्रावकांत ते विरघळते.

छंदाच्या दुकानात ‘सिमेंट’ म्हणून जी बाटली मिळते, तिच्यात असलेच द्रावक असते. तिला डिंकाची बहीण समजू नये. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये बसून राहतो. हे सिमेंट उडून जाते. जाण्यापूर्वी ते दोन्ही पृष्ठभाग मऊ करते, दोहोंकडच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि शेवटी दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. धातूच्या वेल्डिंगशी याचे नाते आहे. आता या दोन पृष्ठभागांच्या मध्ये रंगाचा थर आला तर काय होईल? द्रावक रंगच मऊ करत बसेल आणि साखळ्यांची भेट होणार नाही.

हे मुलांना तोंडी सांगण्यापेक्षा मी प्रयोगशाळेत दाखवले. पेटीतले भाग ज्या चौकटीला लगडलेले येतात, तिच्या काड्या घेतल्या. दोन कोऱ्याच जोडल्या, दोन रंगवून जोडल्या, आणि दोन्ही जोड्या रात्रभर ठेवल्या. सकाळी रंगवलेली जोडी नखाने सुटली. कोरी जोडी वाकवली तेव्हा सांधा टिकला, शेजारची काडी मोडली. (हा प्रयोग कोणी घरी करणार असेल तर खिडकी उघडी ठेवावी, या द्रावकांची वाफ डोक्यात जाते.)

रंग आधी देणाऱ्यांचे यावरचे उत्तर ठरलेले असते: “सर, फेव्हिक्विक लावू की!” फेव्हिक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकांसाठी पारदर्शक प्लास्टिकची नेमदर्शके करण्याच्या खटपटीत असताना हा पदार्थ हाती आला. तो जिथे तिथे चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला सारला गेला, आणि १९५८ मध्ये बाजारात उतरला. पृष्ठभागावरच्या किंचित ओलाव्याने तो घट्ट होतो. प्लास्टिक विरघळवण्याची त्याला गरज नसते. त्यामुळे तो रंगावर चिकटेल हे खरे, पण सांध्याची ताकद त्या रंगाच्या पकडीएवढीच राहील. शिवाय त्याच्या वाफेने जवळच्या रंगावर आणि पारदर्शक भागांवर पांढुरकी साय धरते. विमानाच्या वैमानिककक्षाचे झाकण शेवटी बसवताना जाणकार मंडळी साधा पांढरा फेविकॉल वापरतात, ते याचसाठी.

इथवर जोडणीवाल्यांची सरशी दिसते. पण स्पिटफायरचे उदाहरण घ्या. विमानाचे धड डाव्या व उजव्या अशा दोन अर्धुकांचे असते, आणि वैमानिक, त्याचे आसन, समोरची उपकरणे त्या दोहोंच्या पोटात बसतात. धड एकदा बंद केले की कुंचला आत जाणार कसा? तेव्हा आतली बाजू आधी रंगवायची, मात्र सांध्याच्या कडा कोऱ्या ठेवायच्या. याउलट बाहेरचे तपकिरी-हिरवे पट्टे धडावरून पंखांवर सलग जातात. तिथे सांधा जोडून, फट पुट्टीने भरून, पॉलिशपेपरने घासून मगच रंग द्यावा लागतो. एकाच विमानात दोन्ही तटांचे म्हणणे खरे ठरते.

आमच्या जवानाकडे याच नजरेने पाहिले. दोन्ही पाय, धड आणि खांदे यांचे सांधे कपड्याच्या ऐन मध्यावर येत होते. खऱ्या गणवेशात तिथे भेग नसते, म्हणून ते आधी जोडून बुजवणे भाग होते. डोक्याचे तसे नव्हते. मानेचा सांधा कॉलरच्या आत लपतो, तो बुजवावा लागत नाही. चेहरा तर शिरस्त्राणाच्या कडेखाली, सुटा हातात घेऊन रंगवणेच सोयीचे. डोके एका टूथपिकवर टोचून वेगळे ठेवले.

खरी पंचाईत टॉमीगनची. ती छातीसमोर आडवी, दोन्ही हातांत धरलेली. बंदुकीसकट हात चिकटवले तर मागची छाती, पट्टे आणि खिसे कुंचल्याच्या आवाक्याबाहेर जातात. हात रंगवून नंतर जोडले तर खांद्याची फट उघडी राहते. एक विद्यार्थी म्हणाला, बंदुकीमागचे दिसतेच कुणाला? मला हे पटले नाही. प्रदर्शनाच्या टेबलापाशी लहान मुले येतात, आणि त्यांचे डोळे नेमके टेबलाच्या उंचीवर असतात.

सुदैवाने आमच्या पेटीत बंदूक हातांपासून सुटी होती. ती सिमेंट न लावता नुसती तळव्यांत बसवून घेतली, तिच्या बेताने हात खांद्यांना जोडले, आणि सांधे रात्रभर वाळल्यावर ती अलगद काढून घेतली. हात हवे त्याच कोनात राहिले. मग खांदे बुजवून अस्तराचा हात दिला, त्यावर खाकी. बंदूक वेगळी रंगवली: दस्ता लाकडी, नळी काळी. बसवण्यापूर्वी तळव्यांवरचा आणि बंदुकीवर जिथे ते टेकतात तिथला रंग पात्याने खरवडला. हे खरवडणे कंटाळवाणे खरे, पण त्याला फाटा देऊ नये.

जेवढे जोडता येईल तेवढे आधी जोडावे, याकडे माझा कल आहे, आणि त्याला चिकटद्रव्यापलीकडचे कारण आहे. सुट्या हातावर सावली कुठे द्यावी हे कळत नाही. हात धडाला लागला, की काखेत अंधार कुठवर पडतो ते डोळ्यांना आपोआप दिसते. आपले गणपतीचे मूर्तिकारही सुटे हात जोडून, सांधे लिंपून मगच रंगकामाला बसतात. डोळ्यांची आखणी मात्र शेवटी. आमच्या मुलांनीही डोके बसवल्यावरच डोळे रेखाटले, कारण नजर बंदुकीच्या रोखाने हवी आणि तो रोख तोवर ठरलेला नव्हता.

राहता राहिले बुटांचे तळवे. ते रंगवू नयेत. पायथ्याच्या प्लास्टिकवरही बुटाएवढी जागा कोरी ठेवावी आणि तिथे सिमेंटचा एक थेंब सोडावा. चालून जाणाऱ्या माणसाचा सगळा भार पुढच्या एका पावलावर असतो, आणि प्रदर्शनाचे टेबल दिवसभरात शंभर वेळा हलते.