लिमिट पोकरच्या टेबलवर मला उधारीचा हिशोब कळला

या आठवड्याच्या व्हिडिओत लास व्हेगासच्या ट्रिपबद्दल बोललो, पण बोलण्याच्या ओघात आकडे पटपट निघून गेले. वही-पेन घेऊन बसणाऱ्यांसाठी ते इथे सावकाश मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट. जुगार खेळा असं मी कुणालाही सांगत नाहीये. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला, आणि महाराष्ट्राने १९७६ सालचा स्वतःचा कॅसिनो कायदाही २०२३ मध्ये रद्द केला. मी गेलो होतो पॅकिंग मशीनच्या प्रदर्शनाला. दिवसभर मशिनी बघायच्या आणि रात्री हॉटेलखालच्या पोकर रूममध्ये बसायचं, असे चार दिवस. जाताना चार पाकिटं केली होती, प्रत्येकी २०० डॉलरची. एका रात्रीला एक पाकीट. दुसऱ्या रात्री हा नियम मोडला. ते पुढे येतंच.

खेळ कसा आहे, थोडक्यात

सिनेमात दाखवतात ते "सगळे पैसे लावले" वालं पोकर म्हणजे नो-लिमिट. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने वर्ल्ड सिरीज जिंकली आणि जगभर त्याचीच लाट आली. मी बसलो ते जुन्या वळणाचं लिमिट होल्डेम, ४-८ डॉलरचं. यात किती लावायचं हे तुमच्या हातात नसतंच. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, पहिली फेरी ४ डॉलरची. मग मधोमध तीन पत्ते उघडतात, त्याला फ्लॉप म्हणतात. तिथेही ४ डॉलर. चौथा पत्ता टर्न, तिथे दर दुप्पट होऊन ८ डॉलर. पाचवा रिव्हर, पुन्हा ८. एका फेरीत एक बेट आणि तीन वेळा वाढव, बस्स. त्यापुढे डीलर हात वर करून थांबवतो.

आता हे गुणून बघा. पहिल्या दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त १६-१६ आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत ३२-३२. एकूण ९६ डॉलर. म्हणजे पत्ते हातात यायच्या आधीच मला माहीत आहे, की माझी अक्कल कितीही गहाण पडली तरी या एका डावात ९६ च्या वर जाणार नाहीत.

तुमच्या धंद्यात असा आकडा आहे का? एका ग्राहकाने पूर्ण बुडवलं तर जास्तीत जास्त किती जाईल? दहा जणांना विचारलं तर नऊ जण "बघावं लागेल" म्हणतात. मीही तेच म्हणत होतो.

टेबलचं भाडं

खेळायला बसलो की आपल्याला समोरची माणसं दिसतात. डीलरच्या उजव्या हाताला टेबलात एक फट असते, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक पॉटमधून कॅसिनो आपला वाटा काढून त्या फटीत टाकतो. त्याला रेक म्हणतात. त्या टेबलवर पॉटच्या १० टक्के, कमाल ४ डॉलर असा दर होता, शिवाय जॅकपॉटच्या नावाने १ डॉलर. सरासरी डावाला ४ डॉलर धरा. तासाला साधारण ३० डाव होतात. म्हणजे तासाला १२० डॉलर टेबलवरून गेले. नऊ जण बसलेत, माणशी १३ आणि थोडे वर. डाव जिंकला की डीलरला एक डॉलर टीप द्यायची पद्धत आहे, त्याचे तासाला तीनेक. झाले १६ डॉलर. सहा तास बसलात की जवळजवळ शंभर.

म्हणजे मी टेबलवरच्या इतरांइतकाच चांगला खेळलो, ना कमी ना जास्त, तरी रात्री उठताना खिशातून शंभर डॉलर गेलेले असणार. हरलो कुणाकडून? कुणाकडूनच नाही.

लिमिट खेळणाऱ्या जुन्या लोकांमध्ये एक माप आहे. चांगला खेळाडू लांबच्या हिशोबात तासाला एक मोठी बेट कमावतो. ४-८ च्या टेबलवर ती झाली ८ डॉलर. कमाई ८, आणि त्या आधी भरायचं भाडं १६! म्हणजे त्याला इतरांपेक्षा २४ डॉलरने सरस खेळावं लागतं, तेव्हा कुठे ८ उरतात. ऑनलाइन ऑर्डरच्या ॲपवर आपला माल विकणाऱ्या ताईंनी हे वाक्य दोनदा वाचावं. कमिशन, डिलिव्हरी, परत आलेला माल हे सगळं कापून झाल्यावर "विक्री तर भरपूर होतेय" याला काही अर्थ राहतो का, ते बघावं.

याची दुसरी बाजूही आहे. तासाचा सगळा नफा एका बेटएवढा असेल, तर तासात एक बेट लावायची राहून गेली की नफा साफ. हातात चांगले पत्ते आहेत, पण शेवटच्या फेरीत घाबरून "चेक" म्हणालो, समोरच्याने हसून कॉल केला असता ते ८ डॉलर गेले. पैसे गमावल्यासारखं वाटतच नाही, कारण डाव तर मीच जिंकला! दर सांगताना "जाऊ दे, दोन रुपये कमी घेऊ" म्हणणारे आपण, बॉक्समागे तीन रुपये मार्जिन असताना नेमकं हेच करतो.

पत्ते टाकून द्यायला शिका

जे खरोखर बरं खेळतात ते चारपैकी तीन वेळा पहिले दोन पत्ते बघून टाकून देतात. नवखा माणूस एवढ्या लांब विमानाने आलेला असतो, त्याला टाकवत नाही. मलाही पहिल्या रात्री टाकवत नव्हतं. दिवाळीत घरी तीन पत्ती खेळताना पॅक होणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो ना, ती सवय.

पण "टाका" एवढं सांगून भागत नाही. कधी टाकायचं, कधी थांबायचं याला हिशोब आहे. समजा टर्न उघडलाय, माझ्याकडे चार इस्पिक झालेत, पाचवं आलं तर डाव माझा. न दिसलेले पत्ते ४६, त्यातले इस्पिक ९. समोरच्याची बेट धरून पॉटमध्ये ५६ डॉलर आहेत आणि मला भरायचेत ८. असा प्रसंग ४६ वेळा आला तर ९ वेळा ५६ मिळतील, म्हणजे ५०४. उरलेल्या ३७ वेळा ८ जातील, म्हणजे २९६. फायदा आहे, भरा. आता तेच उदाहरण, पण मला हवे असलेले पत्ते फक्त ४ आहेत. ४ वेळा ५६ म्हणजे २२४, आणि ४२ वेळा ८ म्हणजे ३३६. तोटा. टाका. दोन्ही वेळा रक्कम तीच, ८ डॉलर. "आठच तर डॉलर आहेत" या वाक्याने दोन्हीकडे भरणारा माणूस रात्रभर भरत राहतो.

छपाईवाल्यांसाठी हेच मराठीत सांगतो. एक नमुना करायला १२०० रुपये लागतात आणि ऑर्डर मिळाली तर ९००० सुटतात. पाच नमुन्यांमागे एक ऑर्डर पडत असेल तर ६००० खर्चून ९००० आले. ठीक. दहामागे एक पडत असेल तर १२००० घालून ९००० आले. मग त्या प्रकारच्या ग्राहकाला फुकट नमुना द्यायचा नाही. आपला आकडा पाचाचा आहे की दहाचा, हे मात्र लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. डोक्यात फक्त मिळालेल्या ऑर्डरीच राहतात.

दुसरी रात्र

दोन राजे आले. मी वाढवलं, पाच जणांनी मिळून प्रत्येकी ८ डॉलर घातले, पॉट ४०. फ्लॉपवर एक्का उघडला. टोपीवाले एक निवृत्त गृहस्थ समोर बसले होते, तीन तासांत त्यांनी एकदाही खोटी बेट लावलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी बेट लावली, मी वाढवली, त्यांनी शांतपणे पुन्हा वाढवली. बाकीचे गेले. मी कॉल केलं. पॉट ६४ आणि त्यातले माझे २०.

तिथेच मला कळलं होतं की त्यांच्याकडे एक्का आहे. तरी टर्नला ८ भरले, रिव्हरला ८ भरले. त्यांनी एक्का आणि राणी दाखवली.

हिशोब काय होता? शेवटपर्यंत जायला मला आणखी १६ लागणार होते आणि मिळणार होते ८०. सहापैकी एकदा जरी मी बरोबर ठरलो असतो तरी फिटलं असतं. समोर कुणी उडाणटप्पू असता तर हे १६ भरणं बरोबरच होतं. या गृहस्थांसमोर पन्नासात एकदा ठरलो असतो तरी खूप. पण मी हा हिशोब केलाच नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की माझे वीस अडकलेत.

त्यानंतर पाकीट संपलं. मी वर खोलीत गेलो आणि दुसरं पाकीट घेऊन आलो. रात्री एक वाजता तेही संपलं.

झोप लागेना. छताकडे बघत असताना भोसरीतलं माझं जुनं युनिट आठवलं. एक मोठा ग्राहक होता. तीस दिवसांची उधारी साठ झाली, साठाची नव्वद. ६ लाख ४० हजार अडकले. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "साहेब, एवढा एक लॉट द्या, मागचं सगळं क्लिअर करतो." आणि मी द्यायचो, कारण दिला नाही तर मागचे बुडतील ही भीती. शेवटचा लॉट ८० हजारांचा होता. त्या ८० हजारांनी मागचे पैसे यायची शक्यता किती वाढली? शून्याने. तो आधीही देणार नव्हता आणि नंतरही दिले नाहीत. कामगारांचा पगार त्या महिन्यात बायकोच्या बांगड्या ठेवून केला. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

पॉटमध्ये गेलेला पैसा आपला नसतो, मित्रांनो. पॉट केवढा आहे हे जरूर बघायचं, कारण जिंकलो तर तो मिळणार आहे. त्यातले माझे किती, हा प्रश्न मात्र विचारायचाच नाही. आणि नवीन रक्कम घालण्याआधी समोरचा माणूस कोण आहे, तीन तासांत त्याने काय केलं, ते आठवायचं.

भांडवलाची गोष्ट

एक किस्सा व्हिडिओत राहून गेला. डॅलसचा अँडी बील हा बँकर २००१ ते २००४ या काळात अधूनमधून व्हेगासच्या बेलाजिओमध्ये यायचा आणि तिथल्या अव्वल व्यावसायिकांशी एकास एक लिमिट होल्डेम खेळायचा. दर वाढत वाढत १ लाख-२ लाख डॉलरपर्यंत गेले. म्हणजे माझ्या ४ डॉलरच्या जागी १ लाख! डाव असा, की रक्कम इतकी मोठी करायची की समोरच्याचा हात थरथरला पाहिजे. समोर डॉयल ब्रन्सन, जेनिफर हार्मन अशी मंडळी होती. खेळात ते सरस होते, पण एकट्याच्या खिशात तेवढा दम नव्हता. म्हणून त्यांनी पैसे एकत्र केले आणि पाळीपाळीने बसले. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्या बाजूने फिल आयव्ही बसला आणि त्याने तीन दिवसांत १ कोटी ६६ लाख डॉलर जिंकले.

जगातले उत्तम खेळाडूसुद्धा वाईट आठवडा सोसण्यापुरतं भांडवल नसेल तर बसत नाहीत. लिमिटवाल्यांचा जुना ठोकताळा ३०० मोठ्या बेटांचा आहे. ४-८ साठी २४०० डॉलर. माझ्या एका पाकिटात २५ बेटा होत्या. एका वाईट संध्याकाळीत ते संपणं यात अपशकुन वगैरे काही नव्हता, ते होणारच होतं. एका महिन्याच्या भाड्यापुरते पैसे ठेवून दुकान उघडणाऱ्याचं पाकीटही तेवढंच असतं.

तिसऱ्या रात्री खाली गेलो नाही. चौथ्या रात्री शेवटचं पाकीट घेऊन बसलो, बहुतेक वेळ पत्ते टाकत राहिलो आणि ३१ डॉलर वर उठलो. टोपीवाले आजोबा तिथेच होते. मला बघून मान हलवली.

आता गृहपाठ. वहीत तुमच्या पाच मोठ्या ग्राहकांची नावं लिहा. प्रत्येकासमोर आज किती येणं आहे, ठरलेले दिवस किती आणि प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे येतात, ते लिहा. शेवटच्या रकान्यात एकच आकडा, "या रकमेपुढे माल नाही." तो आकडा ग्राहक समोर बसलेला नसताना, घरी, शांतपणे लिहायचा. पुढच्या व्हिडिओत आपण तोच रकाना घेऊन बसणार आहोत, आणि मर्यादा ओलांडणाऱ्या ग्राहकाला फोनवर नेमकं काय बोलायचं ते बघणार आहोत.